साध्या पाण्याचा आकडा

नांदेडच्या प्रयोगशाळेत मी तांबं आणि निकेल यांच्या मिश्रधातूचे कण बनवायची, डोळ्यांना न दिसणारे. दोन्ही धातूंचे क्षार एकत्र विरघळवायचे, वरून रसायन थेंबथेंब सोडायचं, की निळसर द्रावण काळं पडायचं. हे कण मिसळलेलं पाणी साध्या पाण्यापेक्षा उष्णता जास्त वाहून नेतं, एवढंच मला सिद्ध करायचं होतं. झालं तर पीएचडी, नाही तर लातूरला कोचिंग क्लास.

शुद्ध पाणी आम्ही यंत्रावर काढायचो. एक बाटली काढायची तर यंत्र थंड ठेवायला नळाचं बादल्या-बादल्या पाणी वाहून जायचं. म्हणून माझ्या गाईड सरांचा दंडक होता: साध्या, म्हणजे कण न मिसळलेल्या पाण्याचं मोजमाप वर्षातून एकदाच, थंडीत करायचं आणि आकडा फळ्यावर लिहून ठेवायचा. लातूरच्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये टँकरच्या पाण्यावर वाढलेली मी. मला तो दंडक फार पटायचा.

मे महिन्यात माझे आकडे फळ्यावरच्या आकड्यापेक्षा चढे आले. दर वेळी चढे! सरांनी पेढे मागवले. बाबा फोनवर म्हणाले, "लई झकास झालं बघ. समद्या गल्लीला सांगून आलो."

मग बाहेरून आलेल्या एका प्राध्यापकांनी सहज विचारलं, "आज साधं पाणी लावून बघितलंत का?"

लावलं. त्याचाही आकडा जवळजवळ तेवढाच चढा. पाणी तापलं की उष्णता थोडी जास्त वाहतंच. उन्हाळ्यात नांदेड तापतं, एवढाच शोध आम्ही लावला होता. नुसत्या कणांनी म्हणावा असा फरक पडतच नव्हता. मला रडू आलं नाही, चीड आली, आणि ती कुणावर काढावी ते कळेना. हातातोंडाशी आलेला घास गेला. फेलोशिप तर आधीच संपली होती.

जूनमध्ये मी लातूरला परतले आणि कोचिंग क्लासमध्ये शिकवायला लागले. काम संपलं, एवढंच घरी सांगितलं. याहून जास्त बोलायचं त्राण नव्हतं.

क्लासचे मालक म्हणाले, "मॅडम, फलकावर तुमच्या नावाआधी डॉक्टर लावलंय. पालकांना बरं वाटतंय."

मी नको म्हटलं. पण फलक चौकात लागलासुद्धा होता. संध्याकाळी घरी आले, तर बाबा इस्त्रीचा सदरा घालून बसलेले. फलकाखाली उभं राहून फोटो काढून आले होते.

"डॉक्टर झालीस अन् बापाला बोलली न्हाईस?" त्यांचे डोळे भरून आले होते.

"सांगणारच होते," मी म्हणाले.