लसीचा डबा आणि पांढरी साडी

पावसात मोताळ्याहून मुलगा घरी आला, की त्याच्या गाडीच्या मडगार्डमधल्या ओल्या काळ्या मातीचा वास अंगणभर होतो. मग मला रोहिणखेडजवळची ती पौषातली सकाळ आठवते.

मी तेव्हा नवी नर्स होते. लसीकरणाचा दिवस, सायकलच्या हँडलला लसीचा थंड डबा, आणि वरून अवकाळी पाऊस. आमच्याकडची काळी माती भिजली की मडगार्डमध्ये अशी गच्च बसते, की चाक फिरतच नाही. काडीने चिखल काढता काढता माझी बोटं गारठली. शेवटी डबा गळ्यात अडकवला, सायकल खांद्यावर घेतली आणि चालू लागले.

शाळेच्या ओसरीत बाया लेकरं पदराखाली घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यातली एक म्हातारी मला पाहून हसली. "काऊन हो सिस्टर, आज सायकलच तुमच्यावर बसून आली?" मग बायांकडे वळून म्हणाली, "म्या म्हटलं नव्हतं, येऊन राह्यली असन म्हणून?"

पांढरी साडी चिखलाने माखली म्हणून मी तेव्हा लाजून चूर झाले होते. आता वाटतं, इतकी शोभून दिसलेली साडी मी पुन्हा कधी नेसलेच नाही.