सलीमचाचांच्या उसातला बिबट्या

मंडळी, सकाळी 'सलीमचाचांच्या उसात बिबट्याची पिल्लं' असा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकणारा मीच. त्या फोटोनं ऊसतोड थांबली, लोकांनी लेकरं शाळेतून घरी आणली.

शेवटी तोडणीवाल्या कौसाबाईंनी पिल्लं न्याहाळली. "भाऊ, शेपटीवर काळी कडी बघा की! रानमांजराची हायती ही. हात लावू नका, माय येती."

चाचांनी तेवढा ऊस उभाच ठेवला. आमी लांब बांधावर गप बसलो. दुपारी मांजरी आली अन् एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन गेली. जीव भांड्यात पडला!

चूक माझीच. पण माझा बिबट्या ग्रुपवरनं तासाभरात पार माकणी गावाला पोचला होता. आता ही मांजरी कुठवर पोचवता, सांगा?