भाऊचं वाढतं वजन

निरोप घेऊन अकोल्याहून आलेला माणूस दारातच म्हणाला, "बाई, भाऊ गेले. छातीत कळ आली अन् बसल्या जागीच... पन तब्येत कशी झकास झाली होती हो त्याईची!" माझा सख्खा थोरला भाऊ गेला होता, आणि रडू फुटायच्या आधी माझ्या तोंडून निघालं, "डोंबलाची झकास!"

दोन महिने होत आले, तरी तो संताप उतरलेला नाही.

भाऊ कापूस बाजारात मापारी. जन्मभर दुसऱ्यांचा कापूस तोलला. लघवी अडते, कंबर दुखते म्हणून दाखवायला गेला, तर प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी बायकांच्या शरीरातल्या हार्मोनच्या गोळ्या दिल्या. हा रोग पुरुषी हार्मोनवर पोसतो, गोळ्यांनी त्याचं खाणं तुटतं, असं त्यांनी मला समजावलं. आणि बजावलं, "गोळ्या सोडायच्या नाहीत. पण त्यांनी चरबी साठते, अंगात पाणी धरतं, हृदयावर ताण येतो. तूप-गोड बंद. धाप लागली, पाय सुजले, तर लगेच आणा."

ऐकेल तो भाऊ कसला! कमरेचं दुखणं थांबलं, अंग भरू लागलं, आणि हा पठ्ठ्या स्वतःच काट्यावर उभा राहू लागला. मी अमरावतीहून गेले की आधी वजन सांगायचा, मग चहा. "पाह्य, कुसमे! रोग माणसाले खाते. मी तं भरून रायलो. काटा लबाड बोलते काय?" अरे, काटा खरंच बोलतो, पण वजन कशाचं ते थोडंच सांगतो! गल्लीतले लोक त्याहून शहाणे. "गुन आला," म्हणत कोणी लोणी आणून देई, कोणी पुरणपोळ्या. मी ताट मागे ओढलं की वहिनी माझ्यावरच डोळे वटारायची.

एकदा भर उन्हाळ्यात तो कोट घालून जेवायला बसला. घाम नुसता निथळत होता. वहिनी आत भाकरी थापत होती. मी ओरडले, "काढ ना तो कोट!"

तो हळूच म्हणाला, "नाई काढत... गोळ्यायनं छाती बाईसारखी झाली. मले समजत नाई काय, हे कशाचं वजन हाय ते?"

"मंग खातं काहून?"

"तुयी वहिनी लय दिसानं हासून रायली, कुसमे. मी भरलो म्हनून. तिले सांगशील तं पाह्य!"

कॅन्सर आवरला होता हो! डॉक्टरांनी नंतर तसंच सांगितलं. नेलं ते हृदयानं.

परवा गेले तर बैठकीत वहिनीनं त्याचा फोटो लावलेला. अगदी शेवटचा, गाल सुजलेला. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, जुना लाव, त्यात भाऊ भाऊसारखा दिसतो.

"राहू द्या बाई हाच," ती पदरानं काच पुसत म्हणाली. "याच्यात कसे भरेल दिसतात. जातानी तरी माया मानूस सुकेल नोता."

सगळं सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं... आणि म्हणाले, "हो वहिनी. चांगला भरला होता."

फोटोतला तो हसतच होता. मनात म्हटलं, मेल्या, शेवटी मलाही खोटं बोलायला लावलंसच ना!