धूर भिंतीपलीकडे

हिर्डोशीतून सकाळची एसटी चुकली की पुढची कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून आम्ही गाडीच्या बऱ्याच आधी रस्त्यावर येऊन थांबलो होतो. मी, माझी लेक दीपा, दोन बॅगा आणि इंद्रायणी तांदळाचं पोतं. माझा नवरा संपत पोतं गाडीत चढवायला आला होता, गाडीत बसायला नव्हे. शेजारचे नामदेवबापू मुद्दाम तिथवर चालत आले आणि चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई चालली कमवाया आन् बाप्या ऱ्हातोय म्हशी राखाया. काय काळ आलाय बगा."

संपत पोत्याचं तोंड पुन्हा आवळून बांधायला लागला. मी म्हणाले, "बापू, तुमच्या थोरल्याचं घर पुण्यात सुनंच्या पगारावर चालतं. तवा काळ कुठं गेलता?"

बापू खोकले आणि गेले. एसटी सुटल्यावर दीपानं विचारलं, "बाबा का नाय आले?" त्याचं उत्तर द्यायचं तर मला पार युरोपापासून सुरुवात करावी लागली असती. तेव्हा दिलं नाही. गावात राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या पांगलेल्यांसाठी आता देते, कारण गावात आमच्याबद्दल अजून दोनच गोष्टी सांगतात. एक, कंपनी बुडाली. दोन, बाई हट्टी निघाली. पहिली साफ खोटी आहे.

शिरवळला लोखंड ओतायच्या कारखान्यात आम्ही दोघंही होतो. आठवडाभर भोरला खोलीवर राहायचो, सुट्टीला गावी यायचो. संपत कोळशाच्या भट्टीवर होता. ओतीव वस्तू आतून पोकळ राहावी म्हणून साच्यात वाळूचे गाभे बसवतात, ते करणाऱ्या बायकांत मी होते. आमचा माल ट्रॅक्टरला लागायचा आणि जहाजानं युरोपात जायचा. मग तिकडच्या गिऱ्हाइकांनी विचारायला सुरुवात केली की एकेका नगामागं धूर किती निघतो. जास्त धूर, तर त्यांच्या हद्दीवर जास्त कर. गंमत बघा, ज्यांनी आजोबा-पणजोबांपासून धुराडी पेटवून घरं बांधली, ते आता आमच्या धुराचं वजन करायला बसले.

मला हवेतलं काही कळत नाही असं समजू नका. पाऊस बिघडलाय हे आम्हाला कुणी भाषणातून सांगायला नको. भाताची रोपं कुजताना आणि वरंध्याच्या घाटात दरड खाली येताना आम्ही पाहिली आहे. माझा राग हवा वाचवण्यावर नाही, वाचवणाऱ्यांच्या तोंडावर आहे.

ते तोंड एका सकाळी पुण्याहून मोठ्या गाडीतून आलं. आम्हाला शेडमध्ये उभं केलं. साहेब म्हणाले, पृथ्वी आपली आई आहे, तिच्यासाठी त्याग करावा लागतो. त्याग म्हणजे काय ते शेवटी कळलं. भट्टी बंद. नवा कारखाना राजकोटच्या पुढं, तिथं पवनचक्क्यांची स्वस्त वीज मिळते. विजेच्या भट्टीवर डिप्लोमावाली पोरं घेणार. गाभे करणाऱ्या बायकांना मात्र चला म्हणाले, कारण तो हात महिन्याभरात शिकवून तयार होत नाही. बाकीच्यांनी हिशेब घ्यावा. मग प्रत्येकाला पृथ्वीचं चित्र काढलेली कापडी पिशवी वाटली. भट्टीवरच्या माणसांनी त्याच पिशवीत आपले डबे, टॉवेल आणि जुने बूट भरले आणि गेटाबाहेर पडले. साहेबांची गाडी तोवर चालूच होती. आत एसी होता ना.

आम्ही भोरची खोली सोडून गावी आलो. माझे वडील मुद्दाम येऊन सांगून गेले, "पोरी, रोप उपटल्याबिगर भात वाढत न्हाई." वडिलांचा मान ठेवून मी मान हलवली. पण रोपाला कुणी विचारत नाही आणि मला मात्र सगळे विचारत होते, जणू कारखाना मीच उचलून नेला. शेवटी संपतच म्हणाला, "तू जा. दोगांनी घरात बसून काय हुणार हाय?" चांगला माणूस आहे. पण हे बोलताना त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही, आणि ते मला पुष्कळ दिवस बोचत राहिलं.

राजकोटला मी वैशालीबेन झाले. खोली मिळाली, दीपाला शाळा मिळाली, वरणात गूळ मिळाला. कारखाना नवाकोरा होता. भिंतीवर हिरवी पानं रंगवलेली, आम्हाला हिरवी जॅकेटं. वर्षभरात माझ्या हाताखाली आठ-दहा मुली आल्या. काम नीट केलं की इथं कुणी जात, गाव, नवरा विचारत नाही. एवढं एक कबूल केलं पाहिजे.

मग परदेशी गिऱ्हाईक बघायला आलं. एचआरच्या मराठी साहेबांनी आदल्या दिवशी मला बोलावून घेतलं. "वैशालीबेन, तुम्ही पुढे उभ्या राहा. विचारलं तर सांगायचं की या कामानं आयुष्य बदललं." दुसऱ्या दिवशी एक उंच गोऱ्या बाई आल्या. माझा हात हातात घेऊन त्यांनी काहीतरी विचारलं. साहेबांनी मराठीत सांगितलं, "त्या विचारतात, तुम्ही खूश आहात का?"

मी म्हणाले, "माझ्या नवऱ्याची भट्टी ह्यांच्या नियमानं गेली. त्याला हितं काम द्या, मंग खूश का ते सांगते."

साहेबांनी बाईंकडं वळून इंग्रजीत सांगितलं. माझ्यापेक्षा लांब सांगितलं. त्यात 'हॅपी' हा शब्द दोनदा आला. हॅपी मला कळतं. बाईंचे डोळे भरून आले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाला. तो फोटो अजून ऑफिसात लावलेला आहे. त्यात माझं तोंड बघाल तर म्हणाल, हिला कडू कारलं चारलंय.

तिकडं संपतला पानशेतजवळ एका बंगल्यावर राखणदारीचं काम लागलं होतं. म्हशी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बघत. बंगल्याचे मालक पुण्याचे. शनिवारी विजेवरच्या गाडीतून यायचे, छातीभर श्वास घेऊन म्हणायचे, "संपत, तुम्ही नशीबवान, रोज ही हवा." मग छपरावर त्यांनी सोलरची पॅनलं बसवली. कुंपणाजवळच्या मोठ्या जांभळीची सावली पॅनलांवर पडायला लागली. मालकांनी संपतला सांगितलं, झाड काढून टाक.

त्यानं ते फोनवर सांगितलं तेव्हा मी विचारलं, "मंग काढलं?"

"काढलं. सोताच्या हातानं. झाड पडलं तर साहेब म्हनले, आता आपलं घर पुरतं ग्रीन झालं." मग म्हणाला, "म्या चावी दिऊन टाकली त्यांला. यिऊ का तिकडं?"

दोन वर्षांत हे त्यानं पहिल्यांदा विचारलं. मी म्हटलं, "इचारताय काय, या."

आला. कामाची काळजी मला होती, त्याला नव्हती. दुसऱ्याच दिवशी तो सकाळी हिंडायला गेला आणि तासाभरात परत आला, चेहरा उजळलेला. "अगं, तुमच्या कंपनीच्या मागल्या भिंतीपल्याड भट्टी हाय. कोळशाची."

मला खरं वाटेना; आमचं गेट पुढल्या रस्त्याला, मागं मी कधी गेलेच नव्हते. जाऊन पाहिलं. पत्र्याची शेड, धुराडं, तोच वास. आत जे ओतत होते ते ब्रॅकेट आमच्याच मालाला लागायचे. आमच्या कंपनीनं ते काम बाहेर दिलं होतं, म्हणजे धूर आमच्या हिशेबात येत नाही. एवढं पुण्याहून गाडी पाठवून, पृथ्वीला आई म्हणून, माणसांच्या हातात पिशव्या देऊन काय केलं, तर भट्टी भिंतीच्या अलीकडून पलीकडं नेली. त्या शेडच्या शेठला जुना भट्टीवाला हवाच होता. संपतला त्यानं उभ्या उभ्या ठेवून घेतलं. पगार शिरवळपेक्षा कमी, जॅकेट नाही, बूट स्वतःचे.

मी हसले. बऱ्याच दिवसांनी इतकी हसले. संपतला वाटलं मी आनंदानं हसतेय. तेही होतंच त्यात.

आता संध्याकाळी तो काळा होऊन येतो आणि मी हिरवी. दीपा त्याला गुजरातीत गणितं समजावते, तो मराठीत चुकतो.

दिवाळीला हिर्डोशीला गेलो तेव्हा बॅगा खाली ठेवायच्या आत लोकांनी विचारलं, कधी आलात, कधी जाणार. बापूंनी विचारलं, माझ्या भावानं विचारलं, दुकानदारानंही विचारलं. राजकोटात अजून कुणी विचारलेलं नाही, कारण तिथं आम्ही आलो काय आणि गेलो काय, कुणाला फरक पडत नाही. असल्या दोन ठिकाणांपैकी घर कुठलं म्हणायचं ते मला अजून नीट सांगता येत नाही, आणि गावचं घर म्हणून डोळे पुसणाऱ्यांचा मला कंटाळा आलाय.

आत्याबाईंनी मात्र काही विचारलं नाही. दारात आमच्याकडं एकदा पाहिलं, आत गेल्या, आणि डब्यातून तांदूळ काढता काढता आतूनच म्हणाल्या, "दीपे, तुजा बाप इतका काळा कशानं झाला गं?"

दीपा म्हणाली, "आज्जी, बाबांना भट्टी मिळाली."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि तांदळाचं आणखी एक माप पातेल्यात ओतलं.