माझ्या हुकावरची ती खूण

चारकोपच्या वर्कशॉपमध्ये मी लोहारकाम शिकवतो, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. आज दुपारपासून जेवणातही लक्ष नाही, म्हणून इथे लिहितोय.

सकाळी मुलांना पहिल्यांदाच म्हटलं, आज नमुना मिळणार नाही. पिशवी अडकवायचा हुक करा, पण आयडिया तुमची हवी. सगळ्यांचे मोबाईलसुद्धा काढून घेतले.

दोन तासांनी सहा जणांचे सहा हुक टेबलावर आले. आकार वेगवेगळे होते, पण प्रत्येकाच्या वाकणावर एक खोलगट खूण होती. शर्वरीला विचारलं, "ही कशाला गं?"

"सर, तुमच्या हुकाला आहे ना. पिशवीचा बंद सरकू नये म्हणून."

दाराजवळ मी बनवलेला एक जुना हुक आहे, त्यावर माझा एप्रन लटकतो. तो बनवताना त्याच्यावर हातोडा चुकीचा बसला होता. ती खूण म्हणजे तेवढंच.

आणि मी शर्वरीला काय म्हणालो? "बरोबर."

वर्ग सुटल्यावर तो हुक काढून बॅगेत टाकला. मग मुलांच्या एकेका हुकावर पिशवी अडकवून, हलवून बघितली. बंद खरंच सरकत नाही यार. इतकी वर्षं मला तिथे फक्त माझी चूक दिसत होती.

चूक माझी होती, हे उद्या सांगेनच. पण आयडिया कुणाची, हे काय सांगू?