देवश्रीने पाठवलेलं काँक्रीट

रामघाटच्या गल्लीत वेदपाठशाळेला लागून ढुंढिराजशास्त्र्यांचं घर. त्यांची मुलगी देवश्री रिंग रोडपलीकडच्या काँक्रीटच्या प्लांटवर होती. तिथे ती नेमकं काय करते, हे शास्त्रीबुवांना धड सांगता येत नसे. कुणी विचारलंच तर "सिमेंटच्या ऑफिसात असते," म्हणून मोकळे व्हायचे.

ऑफिस म्हणजे काचेची केबिन. समोरच्या पडद्यावर देवश्री मापं भरायची आणि खाली सगळं हलायला लागायचं. गिट्टी आणि बालू, म्हणजे खडी आणि वाळू, पट्ट्यावरून वर चढायची, उंच टाकीतून सिमेंट उतरायचं, पाणी आणि रसायन मोजून पडायचं. मिक्सरमध्ये घुसळलेला तो राखाडी माल ट्रकच्या पाठीवरच्या ड्रममध्ये ओतला जायचा आणि ड्रम फिरवत ट्रक फाटकाबाहेर पडायचा. तिचं काम तिथे संपे. इतकी वर्षं माल पाठवला, पण त्याचं पुढे काय होतं ते तिने कधी पाहिलं नव्हतं.

ज्येष्ठातल्या एका सकाळी गंगेवरच्या नव्या पुलाचा पाया भरायला घेतला. माल तापू नये म्हणून पाण्याबरोबर बर्फाचा चुरा पडत होता. गाड्या जाऊ लागल्या, आणि साइटवरून मालविकाचा फोन आला. मालविका तिथली इंजिनिअर, नागपूरहून बदलून आलेली.

"देवश्री, एक गाडी जाममध्ये अडकून आलीय. माल घट्ट झालाय, पंपातून सरकेना. इथले लोक म्हणतात, पाणी मारू."

"पाणी नको, पाया कच्चा राहील. ड्रम फिरता ठेव. मी येते."

केबिन मदतनीस ओजसच्या हवाली करून, माल सैल करणाऱ्या रसायनाचा कॅन घेऊन ती पुढच्या भरलेल्या ट्रकमध्ये चढली. चालवायला मोहन होता.

"आज आप भी, दीदी?" एवढंच म्हणून त्याने गर्दीचा चौक टाळला आणि गाडी नदीकाठच्या बांधाच्या कडेने काढली. मागे ड्रम घरघरत होता. त्याची थरथर तिच्या पाठीत उतरत होती.

साइटवर तिने अडकलेल्या गाडीत मोजून रसायन घातलं, ड्रम जोरात फिरवायला लावला. मग माल बेताचा सैल झाला का ते पाहायला लोखंडी शंकूत थोडा भरून शंकू अलगद उचलला. ढीग हळूच खाली बसला, फुटला नाही.

"घ्या," ती म्हणाली.

पंपाचा लांबलचक हात आभाळात उलगडला, कोपरात वाकला आणि खाली झुकला. देवश्री कडेला जाऊन उभी राहिली. त्या खड्ड्यात त्यांचं घर आणि पाठशाळा दोन्ही सहज मावली असती. आत सळ्यांचं रान उभं होतं, आणि त्यात तिचा माल जाड धारेने पडत होता, सळ्यांना बिलगत कोपऱ्याकोपऱ्यात शिरत होता. आतली हवा निघावी म्हणून माणसं त्यात थरथरत्या नळ्या खुपसत होती, तसे बुडबुडे वर येऊन फुटत होते आणि ओला पृष्ठभाग उन्हात चकाकत होता. परत जायचं तिला सुचेना.

"हे सगळं माझ्या केबिनमधून आलं?" तिने हळूच विचारलं.

"मग कुठून येणार?" मालविका हसली.

दोन-तीन दिवसांनी, उजाडता उजाडता, ती वडिलांना नावेतून तिथे घेऊन आली. पाया ओल्या पोत्यांनी झाकला होता. तिने एक पोतं बाजूला केलं.

"हात ठेवा, बाबा."

शास्त्रीबुवांनी हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. "अगं, हे तर गरम लागतंय. अजून ऊनही आलं नाही."

"ऊब आतली आहे. सिमेंट आणि पाणी अजून एकमेकांत मुरतंय. ऊब जाईल, पण घट्ट होणं पुढे कितीतरी वर्षं चालूच राहील."

"आतल्या आत? कुणी काही न करता?"

"हो. फक्त आता सुरुवातीला वरून सुकू द्यायचं नाही."

शास्त्रीबुवा तळवा तसाच टेकवून बराच वेळ उभे राहिले. मग त्यांचं लक्ष कडेच्या एका पोत्याकडे गेलं.

"हे सुकत आलंय. पाणी कुठं आहे?"

तिथल्या मजुराने पाइप पुढे केला. धोतर वर खोचून शास्त्रीबुवा एकेक पोतं भिजवत निघाले. नावाड्याने दोनदा हाक मारली, तरी त्यांनी वर पाहिलं नाही.