हार घातलेला ग्राइंडर

मल्लिनाथअप्पा कोणतेही यंत्र विकत घेण्यापूर्वी त्याचा वास घेत असत. खरबुजाच्या देठाशी नाक नेऊन आपण जसे त्याचे पिकलेपण जोखतो, तसे ते ड्रिल दोन्ही हातांत उचलून त्याच्या हवेच्या फटींशी नाक नेत, डोळे मिटत आणि क्षणभर स्तब्ध राहत. सोलापूरच्या वेशीबाहेर निघालेल्या त्या मोठ्या सुपरमार्केटात एका रांगेत तूरडाळ आणि साबण, तर दुसऱ्या रांगेत विजेवर चालणारी हत्यारे मांडलेली असतात. तेथील मुली अप्पांना पाहून तोंडावर ओढणी धरून हसत. अप्पांना त्याचे काही वाटत नसे. "तांब्याचा वास आला पायजे, गुरुजी," ते मला समजावून सांगत, "नुसता प्लास्टिकचा आला की ठेवून द्यायचं खाली आन् सरळ डाळ घेऊन घरी यायचं."

त्यांचा माझा परिचय झाला तो माझ्या देवघरामुळे. पाठशाळेतून निवृत्त होऊन मी विजापूर रस्त्याकडील आमच्या वसाहतीत राहावयास आलो, तेव्हा सागवानी देवघर भिंतीवर बसवण्याचे काम पुष्कळ दिवस अडून राहिले होते. सिमेंटच्या त्या भिंतीत खिळा शिरत नसे; शिरला तर टिकत नसे. शेजारच्या घरातून दणकट बांध्याचे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढलेले एक गृहस्थ हातात हिरवे ड्रिल घेऊन आले आणि दारातूनच म्हणाले, "गुरुजी, सकाळपासनं ठोकाठोकी ऐकायलोय. देवाला बसवायलाव का घाबरवायलाव?" अर्ध्या घटकेत चार भोके पडली, देवघर भिंतीला घट्ट लागले आणि अप्पा चहा घेऊन, भिंतीवरची धूळ स्वतःच्या उपरण्याने पुसून निघून गेले.

ते मूळचे दुधनीचे. घरात कानडी, बाहेर मराठी. एका साखर कारखान्याच्या भांडारात त्यांची सारी नोकरी झाली. कारागिराने यावे, मागणी नोंदवावी आणि अप्पांनी फडताळातून उत्तमोत्तम हत्यार काढून त्याच्या हाती द्यावे. संध्याकाळी ते पुसून पुन्हा जागेवर ठेवावे. स्वतः ते चालवण्याची मुभा त्यांना नव्हती. "आचाऱ्याच्या घरचा उपाशी माणूस होतो मी," असे ते हसून सांगत. परंतु त्या हसण्याखाली एक जुनी तहान होती. निवृत्त होताच त्यांनी पहिले काम केले ते ड्रिल विकत घेण्याचे, आणि तेही बाजारातील सर्वांत स्वस्त.

या स्वस्ताईवरून मी त्यांना एकदा छेडले. ते म्हणाले, "मला त्याच्यावर कारखाना चालवायचाय का ओ? वर्षातनं धा-वीस भोकं. भोकाला कंपनीचं नाव असतंय का कुटं?" वसाहतीतील बहुतेक घरांच्या पडद्यांचे दांडे, आरसे, कपडे वाळत घालण्याच्या दोऱ्यांचे हूक त्या हिरव्या ड्रिलने बसवले आहेत. ते तापले की अप्पा त्याला सावलीत ठेवीत आणि म्हणत, "दमलंय. चा घेऊ या, त्येला बी बसू द्या." हलक्या यंत्राकडून हलके काम, आणि तेही त्याच्या दमाने, असा त्यांचा शिरस्ता होता. तो जोपर्यंत पाळला गेला तोपर्यंत सर्व ठीक होते.

ग्राइंडर मात्र त्या शिरस्त्याला सोडून घरात आला. सुपरमार्केटात ड्रिलच्या बिटांचा मोठा संच घेणाऱ्यास ग्राइंडर निम्म्या किमतीत मिळत होता. डबा मोहोरबंद होता. "फोडून दाखवायचं न्हाय म्हणाली पोरगी," अप्पा म्हणाले. "म्हटलं, राहू दे. आतलं काय पळून जातंय?" वास न घेता त्यांनी आणलेले ते एकमेव यंत्र.

ते काळे होते, आणि मिनिटाला सहस्रावधी फेरे घेणारी त्याची चकती फरशी, लोखंड, कडप्पा काहीही कापू शके. पहिल्याच दिवशी त्यातून जळका वास आला. "नवीन हाय, वास येणारच," अप्पा म्हणाले. पुढे चकतीवरचे अर्धगोल लोखंडी झाकण, ज्याला ते गार्ड म्हणत, त्याचा पट्टा तुटला आणि झाकण डगमगू लागले. अप्पांनी ते काढून माळ्यावर टाकले. नंतर त्याची पिन भिंतीतल्या बोर्डात बसेना. तिचे दांडे इतके बारीक की यंत्र थरथरले की पिन गळून पडे. अप्पांनी व्हरांड्यातील बोर्डावर ती चिकटपट्टीचे अनेक वेढे देऊन कायमची जखडून टाकली. शेवटी बटण अडकू लागले. अंगठ्याने पुढे सरकवले की ते तेथेच रुतून बसे. मागे आणण्यास लहान पेचकसाने टोचावे लागे. असा एकेक दोष निघत गेला आणि प्रत्येकावर अप्पांनी काहीतरी तोड काढली. त्या तोडींचा त्यांना अभिमान होता. मला मात्र ते यंत्र कोपऱ्यात पडलेले दिसले की, का कोण जाणे, त्याच्या आणि माझ्या मध्ये थोडे अंतर असावे असे वाटे.

त्यांच्या पत्नी गंगाक्का बोलण्यात त्यांच्याहून तिखट. एकदा त्या माझ्यासमोरच म्हणाल्या, "कारखान्यात कुनी बिनागार्डाचं मागायला आला तर तुमी द्यायचाव का ओ?"

"पाय मोडला असता त्याचा."

"मग हितं?"

"ते मालकाचं होतं. ह्ये माजं हाय की."

गंगाक्कांनी माझ्याकडे पाहिले. "ऐकलाव गुरुजी? मालकाच्या गड्याची बोटं म्हाग, आन् ह्येंची फुकट." अप्पा मोठ्याने हसले आणि मीही हसलो. गंगाक्का हसल्या नाहीत.

खंडेनवमीस आमच्याकडे हत्यारांची पूजा करतात. अप्पांच्या घरी दरवर्षी त्यांचे अय्या, म्हणजे त्यांच्या कुळाचे जंगम, पूजेस येत. त्या वर्षी अय्या गावाकडे अडकले होते, म्हणून अप्पांनी मला पाचारण केले. "तुमचे मंत्र चालतील की आमच्या हत्यारांना. त्येंना कुटं कळतंय लिंगायत का ब्राह्मण?"

मी सकाळी स्नानसंध्या उरकून गेलो, तो अप्पा व्हरांड्यात स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी कडप्प्याची पट्टी कापीत होते. पूजेपूर्वी काम हातावेगळे करावयाचे होते. गंगाक्का आतून हाका मारीत होत्या. इतक्यात वीज गेली. चकतीचा आवाज हळूहळू खाली येत थांबला. पट्टीत चीर अर्धीच पडली होती. अप्पा चरफडले, मग म्हणाले, "बरं झालं. देवानंच थांबवलं. चला, पूजा उरकू."

त्यांनी ग्राइंडर ओल्या फडक्याने पुसला आणि दाराशेजारी मांडलेल्या पाटावर आणून ठेवला. ड्रिल, हातोडी, करवत आधीच मांडलेली होती. गंगाक्कांनी झेंडूचे हार केले होते. सर्वांत मोठा हार अप्पांनी ग्राइंडरला घातला. त्याची काळी तार उंबऱ्यावरून व्हरांड्यात बोर्डापर्यंत गेली होती.

"री," गंगाक्कांनी नवऱ्याला कानडी वळणाची हाक मारली, "ती वायर काडा आदी."

"वीजच न्हाय, तर वायर काडून काय करू? चिकटपट्टी सोडवायला दसरा उजाडंल."

"बटन तरी मागं घ्या."

"पेचकस पूजेला बसवलाय. पूजेला बसलेलं हत्यार उचलायचं न्हाय, तूच सांगतीस की दरवर्षी!" आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बोला गुरुजी, सुरू करा."

मी संकल्प सांगितला. अप्पांनी अक्षता वाहिल्या, बेल वाहिला. बाहेर पारव्यांचा आवाज येत होता आणि दसऱ्याच्या तोंडावरचे ते कोरडे, पिवळे ऊन उंबऱ्यापर्यंत आले होते. इतकी शांतता त्या घरात मी कधी अनुभवली नव्हती. गंगाक्का एकेका हत्याराला हळदकुंकू लावीत गुडघ्यांवर पुढे सरकत होत्या.

तेवढ्यात डोक्यावरचा पंखा कुरकुरला.

वीज आली की आपल्याकडे सर्वांची मान वर जाते. त्यात एक भाबडा आनंद असतो. आम्ही तिघांनीही वर पाहिले. ट्यूबलाइट लुकलुकत होती. अप्पा "आली!" असे म्हणाले, आणि त्याच क्षणी खालून तो आवाज उठला.

ग्राइंडर पाटावरून उडाला. गळ्यातील झेंडूचा हार त्याने आत ओढून घेतला आणि पाकळ्यांचा एक पिवळा फवारा आमच्या तोंडावर आला. समई आडवी झाली. यंत्र फरशीवर आपटत, स्वतःभोवती फिरत गंगाक्कांच्या दिशेने गेले, आणि त्यांच्या इरकली साडीचा पदर चकतीत सापडला. त्या खाली खेचल्या जात होत्या. त्यांचा चेहरा आणि ती चकती यांच्यात हातभर अंतर उरले होते.

बोर्ड व्हरांड्यात होता. अप्पा तिकडे गेले नाहीत. तेवढा अवधी नव्हता, हे त्यांना माझ्या आधी उमगले. त्यांनी दोन्ही हातांनी ते यंत्र धरले, पोटाशी ओढले आणि पदर फाटून सुटला. चकती फरशीच्या कडेवर आदळली आणि फुटली. मी धावत जाऊन बोर्डावरचे बटण बंद केले. परत आलो तेव्हा अप्पा भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांचे पांढरे धोतर मांडीपासून वेगाने लाल होत चालले होते. चकतीचा तुकडा आत शिरला होता. गार्ड असता तर तो तुकडा त्या झाकणावरच आदळून खाली पडला असता.

मी माझे उपरणे जखमेवर आवळून बांधले. रिक्षात त्यांचे मस्तक गंगाक्कांच्या मांडीवर होते. ओठ पांढरे पडले होते, तरी ते मला विचारीत होते, "हिला लागलं का ओ?"

"नाही अप्पा. केवळ पदर फाटला."

"तोंडाला?"

"कोठेही नाही."

"मला दाखीव गं." गंगाक्कांनी खाली वाकून आपला चेहरा त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो नीट न्याहाळला, एखादे यंत्र न्याहाळावे तसा सर्व बाजूंनी. मग मला म्हणाले, "मग स्वस्तातच पडलं की, गुरुजी."

त्यानंतर ते बोलले नाहीत. रुग्णालयाच्या दारात स्ट्रेचर येईपर्यंत त्यांचा हात माझ्या हातात निवत गेला. मी नामस्मरण करीत राहिलो. गंगाक्का कानडीत त्यांना रागावत राहिल्या.

आता वसाहतीतील तरुण मंडळी मला विचारतात, गुरुजी, सुपरमार्केटातली स्वस्त हत्यारे घ्यावीत का? मी निषेध करीत नाही. अप्पांच्या स्मृतीशी ते खोटे बोलणे होईल. भोके पाडण्यापुरते हवे असेल तर खुशाल घ्या, असे सांगतो. परंतु जे कापते ते घेताना हात आखडू नका; आणि घेतलेल्यात एक जरी दोष निघाला, तरी त्यावर तोड काढत बसू नका. माणूस दोषाला सरावतो, आणि मग तो दोष आहे हेच विसरतो.

दुःखाचे दिवस सरल्यावर त्यांचा मुलगा शिवानंद, जो पुण्यास नोकरीस आहे, सगळी हत्यारे पोत्यात भरू लागला. भंगारवाला फाटकाशी येऊन उभा होता. मी तेथेच होतो. गंगाक्का आतून आल्या आणि त्यांनी पोत्यातून हिरवे ड्रिल काढून घेतले. "ह्ये राहू दे. घरातल्या समद्या खुंट्या ह्येनं बसवल्यात."

"आणि हा ग्राइंडर? आई, हा तरी जाऊ दे."

"जाऊ दे की," त्या म्हणाल्या. पण त्याच्या हातून तो घेऊन उंबऱ्यावर बसल्या. मग त्यांनी कमरेच्या पिशवीतून अडकित्ता काढला. तार यंत्रातून जेथे बाहेर येते, अगदी त्या मुळाशी अडकित्ता लावून त्या दाबू लागल्या. तार जाड होती. त्यांच्या मनगटावरच्या शिरा ताठ झाल्या.

"आई, अगं भंगारातच जाणार आहे ते! कशाला कापतेस?"

गंगाक्कांनी मान वर केली नाही. "भंगारात कुटं जातंय बाळा? हा गडी मंगळवारच्या बाजारात मांडंल. कुनीतरी उचलंल, भाव इचारंल, आन् लई खुशीत घरी घेऊन जाईल." अडकित्ता कट्कन मिटला. तुटलेली तार फरशीवर पडली, ती त्यांनी उचलली आणि तिचेही तुकडे करू लागल्या. "त्येच्या घरी बी बाई असंल की."